प्युअर डेटामधली तरफ: तार सप्तक एकदाचं सुरात

तर मंडळी, तरफेचा पॅच (म्हणजे डबे जोडून बनवलेला प्रोग्राम) आता ऐकवण्यासारखा झालाय. नवीन लोकांसाठी सांगतो, सारंगीला किंवा सतारीला त्या खालच्या तरफेच्या तारा असतात ना, कुणी छेडत नाही तरी सूर लागला की आपोआप झंकारतात, तसं काहीतरी माइकवरून येणाऱ्या आवाजाला द्यायचंय, तेही एक ओळ कोड न लिहिता, नुसते डबे वायरींनी जोडून. (प्युअर डेटा, थोडक्यात पीडी, म्हणजे मिलर पकेटचं आवाजासाठीचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं.)

एक तार म्हणजे एक छोटासा डिले (आवाज थोड्या वेळाने परत देणारा), आउटपुट परत इनपुटला. वेळ किती, तर 1000 भागिले फ्रिक्वेन्सी, मिलिसेकंदात. मी सा काळी एकचा धरलाय, 277.18 हर्ट्झ, म्हणजे 3.61. इथे साधा डेलरीड~ (डिलेतून आवाज वाचणारा डबा) नको, तो वेळ पूर्ण सॅम्पलला (आवाजाच्या एकेका मोजणीला) राउंड करतो आणि तार सप्तकातला रे तेवढ्यानेच 7 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरतो. डेलरीड4~ मधलं इंटरपोलेट करतो, तो घ्या.

आता खरी गंमत. मध्य सप्तक मस्त, तार सा, रे पण ठीक, आणि वरचे ग, म, प तिन्ही एकाच सुरात! कारण पीडी आवाज 64 सॅम्पलच्या ब्लॉकमध्ये चालवतं, सेकंदाला 44100 सॅम्पल धरले तर तो होतो 1.45 मिलिसेकंद, आणि फीडबॅकच्या लूपमध्ये त्याहून छोटा डिले मिळतच नाही. म्हणजे साधारण 690 हर्ट्झला छत, आणि तार ग आहे 693. अगदी उंबरठ्यावर अडकलाय बिचारा. उपाय एकच, रीड आणि राइट दोन्ही एका सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) टाकायचे आणि आत ब्लॉक~ 1 (म्हणजे एकेका सॅम्पलचा ब्लॉक) ठेवायचा. सीपीयू खातं, पण सगळा पॅच नाही, तेवढा लूपच आत घाला. क्लोनने (एकाच पॅचच्या अनेक प्रती काढणाऱ्या डब्याने) तारा वाढवताना डिलेच्या नावात डॉलर-शून्य (प्रत्येक प्रतीचा वेगळा आकडा) घाला नाहीतर सगळ्या तारा एकाच डिलेवर भांडतील.

फीडबॅक सगळ्यांना सारखा दिला तर वरच्या तारा लवकर मरतात, कारण त्यांचे फेरे जास्त होतात. दोन सेकंद झंकार हवा तर सा ला 0.988 आणि तार सा ला 0.994 लागतं. लूपमधला लोप~ (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) पण स्वतःचा थोडा डिले घालतो म्हणून सूर किंचित उतरतो, तेवढा वेळ मी कानानेच कमी केला, गणित केलं नाही.

जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो झणझणता नाद, मात्र अजून नाही. रिव्हर्ब (घुमारा) जास्त लावून "तंबोऱ्यासारखं वाटतं" म्हणणारे म्हणोत, मला पटत नाही. जवारीत तार घोडीच्या बाकावर घासत हलते, तिची वाजणारी लांबी बदलत राहते, म्हणून पुढे लूपमधला डिलेचा वेळच सिग्नलच्या जोरानुसार थोडा हलवून बघणार. ब्लॉक~ 1 आधीच आहे, त्यामुळे ते करायला अडचण नसावी.