वांगानुई: शेवटच्या दिवसासाठी हातात जोर राखा

'लहान मुलंही करतात, पाणीच नेतं तुम्हाला,' असं सांगून न्यूझीलंडमधल्या वांगानुई नदीवर एका कंपनीने आम्हाला कॅनू भाड्याने दिली. भाड्यात परतीची गाडी धरलेली नाही, हे प्रवास संपवून पिपिरिकीला उतरल्यावर कळलं. तुम्ही आधीच लेखी विचारून घ्या.

वाकाहोरो ते पिपिरिकी हे अंतर 88 किलोमीटर. पहिले दिवस खरंच सोपे आहेत, त्यावर काय लिहायचं! टिएके या शेवटच्या मुक्कामानंतर मात्र न्गापोरो, ऑटापू आणि पापारोआ हे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, येतात, तेही खांदे भरून आल्यावर. ऑटापूला तिथं 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात, कारण निम्म्या कॅनू उलटतात. आमचीही उलटली. सामानाच्या पिंपांची झाकणं घट्ट होती आणि पिंपं कॅनूला बांधलेली होती, म्हणून कपडे कोरडे राहिले. लाटेत शिरताना गुडघ्यांवर बसा आणि वल्हवणं थांबवू नका. वेग गेला की पाणी कॅनू आडवी करतं. आदल्या दिवशी धडाका मारून अंतर कापू नका.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. टिएके म्हणजे 'झोपायची सोय' एवढंच आम्हाला सांगितलं होतं. ते माओरींचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, मराए (एकत्र जमायची जागा) आहे, कुणाचं तरी घर आहे. या नदीवरच्या हक्कासाठी वांगानुईचे लोक 1870च्या दशकापासून अर्ज-खटले करत आले. 2017मध्ये कायद्याने डोंगरापासून समुद्रापर्यंतची अख्खी नदी 'ते आवा तुपुआ' म्हणून व्यक्ती ठरली आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली जाऊ लागली. 'मी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी' ही वांगानुईच्या लोकांची म्हण. टिएकेला आमचं नाकाला नाक लावून स्वागत झालं. ओळख करून देताना माणूस आधी आपला डोंगर आणि आपली नदी सांगतो. मी सह्याद्री आणि कृष्णा सांगितली. समोरच्या आजींनी 'कृष्णा' दोनदा म्हणून बघितलं. अख्ख्या प्रवासात मला याहून मोठं काही मिळालं नाही, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही.

तेव्हा टिएकेला यजमान असतील तर बोलावल्याशिवाय काठावरून वर चढू नका. दारू नेऊ नका. यजमानांसाठी 'कोहा' (भेट) म्हणून थोडी रोख रक्कम पाकिटात ठेवा. आपली नदी कोणती, ते घरूनच ठरवून जा. एवढं जड वाटत असेल तर पलीकडच्या काठावर लॉज आहे, तिथं उतरा.