आरशासारखी नळी: आमच्या पेढीची वाटचाल

बंदुकांची खरेदी-विक्री करणारी आमची ही छोटी पेढी उभी राहण्यापूर्वी मी आणि माझे भागीदार असे आम्ही दोघेही निव्वळ हौशी नेमबाज होतो. सुट्टीच्या दिवशी मातीच्या तबकड्यांवर नेम धरावा, उरलेला आठवडा जुन्या बंदुकांविषयी बोलण्यात घालवावा, एखादी घ्यावी आणि मन भरले की तिच्या बदल्यात दुसरी घ्यावी, असा आमचा क्रम होता. ओळखीचे लोक खरेदीपूर्वी आमचे मत विचारू लागले, तेव्हा या हौसेचा व्यवसाय करावा असे आम्हांला वाटले. विक्रेत्याचा परवाना मिळवण्यात, तिजोरीची खोली बांधून घेण्यात आणि नोंदवह्या लावण्यात बराच काळ गेला, आणि एवढे सगळे करून पेढीच्या नावाने जी पहिली बंदूक आम्ही विकत घेतली, तिच्यातच आमची फसगत झाली.

ती बारा बोअरची दुनळी होती. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर बारीक वेलबुट्टीचे कोरीवकाम, गर्द रेषा उमटलेला अक्रोडाचा दस्ता आणि जिच्यापुढे कोणत्याही शौकिनाने मान तुकवावी अशी कारागिराची सही, असा तिचा थाट होता. मी नळ्या काढून उजेडाकडे धरल्या. आत एकही डाग नव्हता. दोन्ही नळ्या आरशासारख्या लखलखत होत्या. दहा मिनिटांत व्यवहार ठरला आणि त्या दहा मिनिटांतली आठ आम्ही कोरीवकामाचे कौतुक करण्यात घालवली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी ती हातात घेतली, तेव्हा त्यांनी सही वाचलीसुद्धा नाही. नळ्या उलट्या करून त्यांनी खालच्या बाजूचे शिक्के भिंगातून पाहिले, मग मागच्या तोंडापासून नऊ इंच आत मापकाची दांडी सरकवली आणि काही न बोलता काट्याकडे बोट दाखवले. शिक्का ०.७२९ इंचाचा होता आणि काटा ०.७४१ वर थांबला होता. “मालक, ही नळी मुळात एवढी चकचकीत नव्हती,” ते म्हणाले, “हिला आतून खरवडली आहे.”

हा आकड्यांचा खेळ नवख्याला समजावून सांगावा लागतो. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोअरचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, अर्थात ०.७२९ इंच. बंदूक तयार झाली की चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस तिच्यातून उडवून पाहतात आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले, आणि १९१४ मध्ये स्थापन झालेल्या सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय आयोगाचे सदस्य देश आज एकमेकांचे शिक्के मान्य करतात. ब्रिटिश नियमाप्रमाणे शिक्क्यावरील मापापेक्षा नळी एका इंचाच्या दहा सहस्रांश भागाने किंवा त्याहून अधिक रुंद झाली, की तो शिक्का रद्दबातल समजला जातो. आमच्या बंदुकीत हा फरक बारा सहस्रांश होता. कधीकाळी तिच्या नळ्यांत गंजाचे खड्डे पडले होते, ते दिसेनासे करण्यासाठी कोणीतरी आतला पोलादी थरच घासून काढला होता, आणि आम्ही ज्या चकाकीवर भाळलो ती त्या घासण्याचीच होती. अशी बंदूक वापरण्यासाठी म्हणून कोणाला विकणे शक्य नव्हते, कायद्यानेही आणि मनानेही.

पेढीसाठी आम्ही विकत घेतलेली दुसरी वस्तू म्हणजे नळीचा व्यास मोजणारे मापक, आणि तिसरी वस्तू नळीच्या भिंतीची जाडी मोजणारे. तेव्हापासून टेबलावर येणारी प्रत्येक दुनळी एका ठरलेल्या क्रमाने पाहिली जाते आणि त्या क्रमात सहीचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. सर्वप्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री, ती आणणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी. मग नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढून घ्यायचा, बंदूक बंद करायची, मुठीपाशी धरायची आणि हलकेच हलवायची. त्या लाकडी भागातील स्प्रिंगच्या ताणामुळे ढिली झालेली बंदूकही घट्ट भासते. तो काढल्यावर मात्र नळ्या आणि ॲक्शन, म्हणजे नळ्यांमागची चापाची यंत्रणा असलेला धातूचा भाग, यांच्यातला खडखडाट हाताला लगेच जाणवतो. त्यानंतर नळ्या सोडवून खालच्या हुकाला दोरीने टांगायच्या आणि लाकडी मुठीने टिचकी द्यायची. नाद घंटेसारखा लांबत गेला तर नळ्यांना जोडणारी पट्टी पक्की आहे. भांडे तडकल्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी डाख सुटला आहे आणि त्या फटीत गंज वाढत असण्याची शक्यता आहे.

उजेडाकडे नळी धरण्याचे काम आम्ही सोडलेले नाही, पण आता आम्ही चकाकीऐवजी सावल्या पाहतो. नळी हळूहळू फिरवताना आतल्या सावलीची कड एखाद्या ठिकाणी कंकणासारखी तुटली, तर तेथे नळी फुगली आहे. बहुधा तोंडात अडकलेल्या चिखलामुळे किंवा बर्फामुळे असे होते. भिंतीची जाडी कोठेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर ती बंदूक वापरासाठी आम्ही घेत नाही. याशिवाय स्क्रूच्या खाचा बारकाईने पाहाव्यात. त्या कुरतडलेल्या असतील तर चुकीच्या पेचकसाने कोणी अनाडी माणूस आत शिरून गेला आहे हे समजावे. आत त्याने काय केले हे बंदूक उघडल्यावरच कळते. दस्त्याचे लाकूड जेथे लोखंडाला भिडते तेथे ते काळे आणि मऊ पडले असेल, तर त्या घरातली मंडळी बंदूक वर्षानुवर्षे तोंड वर करून उभी ठेवत होती आणि भरपूर तेल घालत होती. ते तेल नळीतून आणि ॲक्शनमधून झिरपत लाकडात मुरते. एवढ्यासाठीच आम्ही आमच्या बंदुका तोंड खाली करून ठेवतो आणि चामड्याच्या किंवा कापडी म्यानात कधीच ठेवत नाही, कारण म्यान ओलावा धरून ठेवते. काळजी घेणाऱ्याच्या हातून बिघडलेल्या बंदुका आम्ही निष्काळजी माणसाच्या बंदुकांइतक्याच पाहिल्या आहेत.

जुन्या बंदुकीची निवड करणाऱ्याला आम्ही काडतुसाच्या लांबीबद्दल हटकून विचारतो, कारण येथे डोळ्यांना दिसणारे खोटे ठरते. जुन्या दुनळ्यांचे चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची नेहमीची काडतुसे ७० मिलिमीटरची. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या कवचाची. त्यामुळे दुमडलेल्या तोंडाचे न उडालेले ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अगदी निमूट बसते आणि बंदूक विनातक्रार बंद होते. उडताना मात्र त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. याहून भयंकर चूक वीस बोअरच्या काडतुसाची. ते बारा बोअरच्या नळीत टाकले तर चेंबरमधून पुढे सरकून अडकते, मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे दिसते, तो बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा त्यासाठीच पडली. खिशात दोन्ही प्रकारची काडतुसे मिसळून ठेवणाऱ्या माणसाला मी माझ्या शेजारी उभे राहू देत नाही.

काळ्या दारूच्या जमान्यातल्या नळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये धूररहित दारू सिद्ध केली आणि त्यानंतर बंदुकांवरचे दाब बदलले. म्हणून लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्यांची सुंदर नक्षी पाहून हुरळून जाण्याआधी तिच्यावर धूररहित दारूच्या चाचणीचा शिक्का आहे की नाही ते पाहावे. नसेल तर ती भिंतीवर शोभून दिसेल, एवढेच.

रायफलींचा व्यवहार आम्ही नंतर, जरा भीत भीतच सुरू केला. दुनळीतले आमचे ज्ञान तेथे फारसे कामाला येत नव्हते. रायफलीत आम्ही नळीच्या तोंडाची कड, पिळाच्या खाचांची धार, काडतुसाच्या बैठकीची खोली आणि बोल्टवरचा (काडतूस मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) व मुख्य भागावरचा क्रमांक जुळतो की नाही हे पाहतो. केवळ नावावर जाऊ नये याचा धडा ७.९२ मिलिमीटरच्या जुन्या जर्मन रायफलींनी दिला. १८८८ च्या मूळ काडतुसातील गोळीचा व्यास सुमारे ८.०८ मिलिमीटर होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या सुधारित गोळीचा ८.२० मिलिमीटर, लोकांच्या तोंडी दोन्हींचे नाव ‘आठ मिलिमीटर माउझर’ असेच. जुन्या अरुंद नळीत नवी जाड गोळी घालणे धोक्याचे असल्यामुळे त्या रायफलीची नळी मोजल्याशिवाय आम्ही तिच्यासोबत काडतूस देत नाही. जुनी लष्करी काडतुसे वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बजावावी लागते: त्यांच्या टोपीतील, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या तुकड्यातील, पोटॅशियम क्लोरेटचे उडाल्यावर क्षार बनतात, ते हवेतले पाणी ओढून घेतात आणि नुसत्या तेलाने निघत नाहीत. आधी गरम पाण्याने नळी धुवावी, कोरडी करावी आणि मग तेल लावावे.

गिऱ्हाइकाला कोणती बंदूक द्यावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र मापकाने मिळत नाही. दस्त्याची लांबी, त्याचा उतार आणि बाजूचा कल या तीन गोष्टी माणसाच्या अंगाशी जुळल्या पाहिजेत. आम्ही त्याला डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगतो आणि मग डोळे उघडायला लावतो. नजर नळ्यांवरून सरळ पुढे गेली तर ठीक. मान वाकडी करून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, शोधावी लागली तर ती बंदूक दुसऱ्या कोणाची तरी आहे. एका गृहस्थांनी आमच्याकडून वर्षभरात तीन बंदुका बदलून नेल्या, कारण प्रत्येकीची मार डावीकडे जाते अशी त्यांची तक्रार होती. तिसऱ्या वेळी माझ्या भागीदारांनी त्यांना दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खुंटीकडे बोट रोखायला आणि मग एकेक डोळा मिटायला सांगितले. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्या त्या गृहस्थांचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याची नजर वरचढ ठरते तो, डावा होता. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावल्यावर त्यांच्या तबकड्या फुटू लागल्या. चौथी विक्री आमच्या हातून गेली, याचे मला त्या दिवशी थोडे वाईट वाटले हे कबूल करतो.

आरंभी आम्ही माल रोखीने विकत घेत असू. पैसा अडकून पडतो हे कळल्यावर बहुतेक बंदुका मालकाच्या वतीने विक्रीसाठी ठेवून घेऊ लागलो. पुष्कळशा बंदुका मृत व्यक्तीच्या घरातून येतात. ज्यांना त्यांची आवड नाही आणि भीती मात्र आहे, असे वारस त्या सोपवतात. बंदूक स्वतः उचलून आणू नका, आधी अधिकाऱ्यांना कळवा आणि आम्हांला रीतसर येऊ द्या, असे आम्ही त्यांना फोनवरच सांगतो. तीस वर्षे कोणी हात लावला नाही असे सांगितलेल्या एका बंदुकीच्या उजव्या चेंबरमध्ये मला काडतूस सापडले होते. त्याच्या पितळेवर हिरवट थर चढला होता आणि ते बाहेर काढताना मिस्त्रींना अर्धा तास लागला. त्या घरातली मुले त्याच कपाटासमोर खेळत होती.

क्रमांक घासलेली बंदूक दारातूनच परत जात नाही. ती ताबडतोब पोलिसांना कळवली जाते. घेणाऱ्याचा परवाना पाहिल्याशिवाय हातात बंदूक द्यायची नाही, कागद पूर्ण असूनही माणूस संतापलेला किंवा फार घाईत वाटला तर काही दिवसांनी या म्हणायचे, हे नियम कायद्याने सांगितले तेवढे आणि त्याहून थोडे अधिक आम्ही पाळतो. त्यापायी काही माणसे दुखावली आणि पुन्हा आली नाहीत.

त्या पहिल्या दुनळीचे पुढे काय झाले, हे लोक विचारतात. बरीच वर्षे ती कपाटात पडून होती. शेवटी मागचा सुमारे तीन इंचांचा भाग ठेवून जुन्या नळ्या कापल्या, त्यांच्या जागी नव्या बसवल्या आणि बंदूक पुन्हा चाचणीला धाडली. आता तिच्यावर नवा शिक्का आहे आणि नळ्या बदलल्याची खूणही कोरलेली आहे, त्यामुळे संग्राहक तिच्याकडे पाहत नाहीत, नेमबाज पाहतात. कापलेल्या जुन्या नळ्यांपैकी एक मिस्त्रींनी उभी चिरून टेबलावर ठेवली आहे. कामावर नवा माणूस आला की ते त्याला तिच्या चकचकीत पोटावरून बोट फिरवायला लावतात आणि कोठे सर्वांत पातळ आहे ते खडूने दाखवायला सांगतात. मग मापक लावतात. खडूची खूण अजून एकाचीही बरोबर जागी पडलेली नाही, आणि माझी पडली होती असे मी सांगितलेले त्यांना आवडत नाही, कारण माझीही चार इंच चुकली होती.