गावचं वायफाय आणि ‘लीज लाइन घ्या’

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज हवी असेल तर सड्यावर चढावं लागतं. टॉवर कुठे उभारायचा ते कंपनी ठरवते आणि आमची घरं तिच्या हिशेबात बसत नाहीत. म्हणून सार्वजनिक वायफायच्या सरकारी पीएम-वाणी योजनेतून गावाने स्वतःचं वायफाय घातलं. सिग्नल घरोघरी पोचवणाऱ्या डिशा आणि राउटर बचत गट अन् मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून आले. पीडीओ, म्हणजे वायफाय देणारा दुकानदार, त्याला परवाना लागत नाही. माझ्या दुकानाची नोंदणी झटपट झाली.

अडलं ते इंटरनेटची जोडणी घेताना, फायबरवाल्यांच्या कार्यालयात. “गावाला वाटणार म्हणजे धंदा झाला. लीज लाइन घ्या,” काउंटरवरचे साहेब म्हणाले. लीज लाइन म्हणजे कंपन्या-कार्यालयांसाठीची वेगळी जोडणी; तिचा खर्च घरगुती जोडणीच्या कितीतरी पट. “साहेब, कुठल्या नियमाने ते लेखी द्या,” म्हटलं, तर लेखी कोणी देईना. कधी “सिस्टीमला असा प्लॅन दिसत नाही”, कधी “वरून काही आलं नाही”. अर्जावर पोच मागितली तर शिक्का मारणारे रजेवर. अजून आठवलं की डोकं तापतं. गावाने पैसे जमवले, डिशा चढवल्या, आणि सगळं एका टेबलावर लटकलेलं!

शेवटी ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, जून २०२५चा आदेश छापून नेला. २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायलाच हवेत आणि दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त नको, असं त्यात स्पष्ट आहे. त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून कागद साहेबांपुढे ठेवला. मग प्लॅन सिस्टीममध्ये सापडला. तुम्ही आदेश पहिल्याच खेपेला न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

हो, डिश घेताना ईटीए, म्हणजे उपकरणाची सरकारी मंजुरी, असलेलीच घ्या. या डिशा ज्यावर चालतात त्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना २०१८पासून बाहेरच्या वापरालाही परवाना लागत नाही, पण उपकरणाला मंजुरी हवीच. वाटेत आंब्याची फांदी येत असेल तर फळ उतरल्यावर, पावसाआधी मालकाला विचारून छाटा; ओल्या पानांत सिग्नल मरतो. लोकांची ॲपवरची पहिली नोंदणी बाजारपेठेतच उरका, कारण वाडीत ओटीपी येतच नाही.

फायबर तुटली तरी शाळेचे धडे वाडीतल्या वाडीत चालतात, ते आमच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेत. बाहेरचं इंटरनेट मात्र अजून एकाच कंपनीच्या हातात आहे. म्हणून दुसऱ्या कंपनीकडेही अर्ज टाकलाय. पोच खिशात आहे.