तुम्ही विचारलंत म्हणून: जागल्या टीव्हीवर कवा येते?

"का जी, तुमचा जागल्या कवा येते टीव्हीवर?"

मंडईत विचारतात, वडशाच्या बसस्टँडवर विचारतात, मयतीला गेलो तर तिथंही बाजूला घेऊन विचारतात. मागच्या हंगामात तर नाटक रंगात आलं असताना प्रॉम्प्टरनं खालून हळूच विचारलं. ज्यानं मला पुढचं वाक्य द्यायचं, तोच मला वाक्य मागत होता! माझं उत्तर ठरलेलं आहे, "मुंबईवाल्यांचं काय खरं हाय भाऊ." समोरचा मान डोलावतो, मुंबईला दोन शिव्या हासडतो आणि वर चहा पाजतो. तीन वर्षांत असे बरेच चहा झाले. आता एकदाच लिहून टाकतो.

जागल्या कोण, हे आमच्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. १९८६-८७ च्या सुमारास आमच्या हायस्कूलच्या ड्रॉईंग सरांनी शाळेच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, चित्रांच्या चोपड्या काढल्या. सोळा पानं, पन्नास पैसे, एकूण नऊ अंक. सरांना इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचा नाद. पण त्यांचा हिरो धानाच्या बांधीवर जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, बसणारा गडी. बापाबरोबर जागलीला गेला, पहाटे मचाणावर डोळा लागला आणि तेवढ्यात खाली शेकोटीजवळ बसलेल्या बापाला वाघानं नेलं. तेव्हापासून त्याला झोप नाही. तीच त्याची शक्ती. झोप नाही म्हणून चार कोसांवरची चाहूल लागते, अंधारात दिसतं. अंगावर घोंगडं, कमरेला गोफण, हातात डालड्याचा रिकामा डबा.

आणि त्याची रात्र पांढरी. सगळ्या अंकांत रात्रच, पण आभाळ कोरं, रान कोरं, काळे फक्त झाडांचे बुंधे आणि माणसं. जागल्याला रात्र अशीच दिसत असणार, असं आम्ही पोट्टे एकमेकांना छातीठोकपणे सांगायचो.

या प्रश्नाला जोडून दुसरा येतो, जरा शिकलेल्यांकडून. "अहो, शक्तिमान आहे, नागराज आहे. हे ज्याला तालुक्याबाहेर कुत्रं ओळखत नाही, ते कशाला धरून बसलात?" याचं उत्तर मात्र मी तेव्हा तोंडपाठ करून ठेवलं होतं. १९९६ ला अमेरिकेतली मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. स्पायडर-मॅन, एक्स-मेन अशा नावाजलेल्यांचे सिनेमाचे हक्क त्या सुमारास दुसऱ्या स्टुडिओंकडे गेले. पुढं स्वतःचे सिनेमे काढायची वेळ आली तेव्हा घरात उरले होते त्यांच्यावरच भागवावं लागलं. २००८ ला आयर्न मॅन आला. २०१४ ला तर गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी, म्हणजे एक बंदूकवालं रॅकून आणि एक चालतंबोलतं झाड. कॉमिक वाचणाऱ्यांतही थोड्यांनाच माहीत असलेली ती मंडळी जगभर चालली. ब्लेड त्याच्याही आधीचा. १९७३ चं पात्र, ड्रॅक्युलाच्या कॉमिकमधला एक बाजूचा शिकारी. १९९८ च्या सिनेमानं त्याला असा बदलला, की पुढं कॉमिकलाच सिनेमासारखं व्हावं लागलं.

यातून मी काढलेला धडा असा: अनोळखी हिरो म्हणजे पडीक जमीन. कशीही नांगरा, काहीही पेरा. नावाजलेल्या हिरोच्या चड्डीचा रंग बदलला तरी लोक अंगावर येतात. अनोळखी हिरोचं डोकं बदललं तरी बोंब मारायला कोणी नसतं.

हे मी चार लोकांत मोठ्या तोऱ्यात बोलायचो. ती जमीन कोणीतरी कसत होतं, हे सोयीनं विसरायचो.

२०२१ च्या डिसेंबरात मिन्नल मुरली आला. तो कुठल्या कॉमिकवरून काढलेला नाही, पण केरळातल्या खेड्यातला शिंपी, अंगावर वीज पडते आणि तो हिरो होतो, सगळं गावातल्या गावात. हिंदीतून मोबाईलवर बघितला आणि रात्रभर तळमळलो. शिंपी चालतो तर जागल्या का नाही चालणार? महिनाभरात आठ भागांचा आराखडा लिहिला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात, त्यांत मुंबईचेही नट येतात, त्यांतल्या एकानं तो पुढं पोचवला. २०२२ च्या उन्हाळ्यात बोलावणं आलं.

विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो. अंधेरीतलं ऑफिस. नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा वाटा तुम्ही समजता त्यापेक्षा फार कमी आहे. तिघं जण होते, सगळे माझ्या पोरीच्या वयाचे, आणि वागायला चांगले. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या डोक्यात ते सिगारेटी फुंकणारे लांडगे आहेत आणि ते डोक्यात घालणारा मीच आहे. त्यांनी आराखडा वाचलेला होता. पांढऱ्या रात्रीवर तर ते फिदाच झाले. एक मुलगी म्हणाली, "सर, असं कुणीच केलेलं नाहीये." मी खुर्चीत दोन इंच वर आलो.

मग त्यांनी विचारलं, व्हिलन कोण?

मी म्हटलं, कोणीच नाही. वाघ? तर तोही नाही. नऊ अंकांत जागल्यानं वाघाला एकदाही दगड मारलेला नाही. डबा वाजवतो, वाघ निघून जातो. बापाला नेलं तरीसुद्धा. आमच्या ब्रह्मपुरीकडं वाघ हा रोजचा विषय आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं जातात, आणि दुसऱ्या दिवशी लोकांना त्याच जंगलात जावं लागतं. तिथं वाघाला व्हिलन करणं म्हणजे पावसाला व्हिलन करणं. मी त्यांना मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावाचा, अंक सांगितला. रात्री माजी मालगुजारी तलावाच्या पाळीला भगदाड पडतं, गाव झोपेत, आणि जागल्या त्या भगदाडात स्वतः पाठ लावून पहाटेपर्यंत बसून राहतो. सोळा पानं तो नुसता बसलेला आहे. पानागणिक पाणी बोटभर चढतं.

"ब्युटिफुल," मुलगी म्हणाली. दुसरा म्हणाला, "पण सर, आठ भाग कोण बसलेलं बघेल?"

इथं मी थांबायला हवं होतं, वाद घालायला हवा होता, निदान एक चहा मागून वेळ काढायला हवा होता. त्यांनी "गाव सोडा" असं म्हटलेलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं, तो शहरात आला तर? आणि पुढं मीच सुटलो. म्हटलं, होते ना! नागपुरात येऊ द्या. एटीएमचा वॉचमन करू. रात्रपाळीच आहे, झोप नाहीच. वाळूमाफिया आणू. शिट्टी देऊ, डब्याला नागपुरात कोण विचारतो? ती मुलगी लिहून घेत होती आणि तिचा पेन माझ्या तोंडाच्या मागं पडत होता. शेवटी तर मी कमाल केली. नर्सचं पात्र आणलं, ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि आठव्या भागात जागल्या पहिल्यांदा झोपतो. तिघांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षं झाडीपट्टीत लिहितोय, टाळी कुठं येते हे मला झोपेतही कळतं.

निघताना तिसऱ्यानं विचारलं, "याची चेन ऑफ टायटल क्लिअर आहे ना?" मला कळलं नाही. त्यानं समजावलं, पात्राचा मूळ मालक कोण, त्याच्याकडून तुमच्याकडं कसं आलं. म्हणजे सातबारा. जागल्याच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

मी म्हटलं, "माझंच."

सर तेव्हा जिवंत होते. ब्रह्मपुरीला मुलीकडं राहत होते, माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर.

या एका शब्दावर मी स्वतःशी किती वेळा कोर्ट भरवलं याचा हिशेब नाही. बचाव पक्ष म्हणतो, घाबरून बोललास, मनात चोर नव्हता. घाबरलो होतो, खरंच आहे. सरांचं नाव काढलं असतं तर ते थेट सरांकडं गेले असते आणि मी मधला माणूस झालो असतो, ही भीती. दुसरा बचाव असा, की चोपड्या विसरल्या गेल्या होत्या, मी नसतो तर जागल्या उरलाच नसता. तिसरा जरा लबाड आहे: रंगभूमीवर तू रोज हेच करतोस. झाडीपट्टीचं कुठलंही नाटक घ्या, बाप मरतो आणि पुढच्या प्रवेशात रेकॉर्डवर नाच असतो, कारण लोक रात्रभर जागतात आणि त्यांना जागं ठेवायचं असतं. त्यावर कधी लाज वाटली नाही, मग इथंच का? याचं उत्तर आजही माझ्याकडं नाही. बाप माझा असतो, मारतो मी, नाचवतोही मी, एवढंच सुचतं. ते पुरेसं वाटत नाही.

घरी आल्यावर त्यांचा मेल आला. वकिलाला कागद हवेत. थोडी चौकशी केली तेव्हा कळलं, आपल्याकडं लेखक-चित्रकाराचा हक्क तो गेल्यावरही ६० वर्षं राहतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मग मी मेलवर कबूल केलं, की मूळ कल्पना शिक्षकांची आहे. ते रागावले नाहीत. उलट वकिलानं आणखी एक शंका काढली, यंत्र शाळेचं, सर नोकरीत, मग हक्क शाळेचा तर नाही? (तेव्हाच्या हेडमास्तरांनी हे ऐकलं असतं तर शाईचंही बिल लावलं असतं.) त्यांनी एक पानाचा कागद पाठवला. यावर सही आणा.

पावसाळ्यात गेलो. सर खाटेवर बसलेले, हात कापत होता, डोकं ठीक. मी सगळं सांगितलं, जरा साखर लावून. आधी पांढऱ्या रात्रीचं सांगितलं. म्हटलं, सर, तुमची रात्र तशीच ठेवली, त्यावरच सगळं उभं आहे.

सर हसले. "ते तं स्टेन्सिल फाटे म्हनून रे. कारं भरायले गेलो का मेनकागद फाटे. माह्या मनात तं रात्र कारीच होती."

मी गप्प. गाव दिलं, डबा दिला, तलाव दिला, वाघ दिला, आणि हातात धरून ठेवलं ते काय, तर मेणकागदाची अडचण.

मग त्यांनी एकच विचारलं, "झोपते का रे तो?"

"हो सर. शेवटच्या भागात."

बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर पत्र्यावर पाऊस. मग म्हणाले, "बरं हाय. थकला असन." आणि न वाचता सही केली. सहीला पाच मिनिटं लागली, ड्रॉईंग सरांची सही.

तो कागद मी पाठवला नाही.

हे आहे तुमचं उत्तर. मुंबईवाल्यांनी फसवलं नाही. त्यांनी दोनदा आठवण केली, मी "सर आजारी आहेत" लिहिलं, मग त्यांनी विचारणं सोडलं. कदाचित मालिका तशीही झाली नसती. अशा ऑफिसांत किती आराखडे धूळ खातात हे आता मलाही ठाऊक आहे. पण ती शक्यता वापरून मी सुटू शकत नाही, कारण मी कागद दिलाच नाही.

का नाही दिला? दोन वर्षं मी छाती काढून स्वतःला सांगत होतो, सरांच्या जागल्याला वाचवलं. "थकला असन" हा टोमणा होता, असं मी धरून चाललो. मग गार्डियन्समधल्या त्या रॅकूनबद्दल वाचलं. त्याला १९७६ ला जन्म देणाऱ्या दोघांपैकी एक, लेखक बिल मँटलो. १९९२ ला गाडीनं उडवलं, मेंदूला इजा झाली, तेव्हापासून देखभालीत. २०१४ ला सिनेमा झाला तेव्हा कंपनीनं तो जिथं राहत होता तिथं नेऊन त्याला दाखवला. त्याच्या हिरोचंही बरंच काही बदललेलं होतंच की. तरी माणूस खूश झाला म्हणतात. ते वाचलं आणि माझी छाती आत गेली. सर टोमणा मारत नसतील तर? खरंच त्यांना वाटलं असेल, की छत्तीस वर्षं जागं ठेवलं, आता झोपू द्यावं त्याला? मग मी वाचवलं कोणाला? सरांना, की "माझंच" म्हणणाऱ्या तोंडाला?

सर २०२३ ला गेले. आता सातबाऱ्यावर ताईचं, म्हणजे सरांच्या मुलीचं नाव. तिला पेटीत चार स्टेन्सिलं सापडली आहेत, फाटलेली. मागच्या आठवड्यात तिचा फोन होता. स्टेन्सिलं घेऊन जा म्हणाली, आणि ठेवता ठेवता विचारलंच, "का जी भाऊ, बाबाचा जागल्या कवा येते टीव्हीवर?"

मी म्हटलं, मुंबईवाल्यांचं काय खरं हाय ताई.

फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. सगळ्यांच्या आधी तिला पाठवायचं ठरवलं होतं. चार दिवस झाले. अजून पाठवलेलं नाही.