वेबसाइट म्हणते, आमच्याकडे नाही

आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाची वेबसाइट प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन तपासायची असं ठरलं, तेव्हा समितीचा पहिला आक्षेप आला तो संख्येवर. पाचच माणसं? वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसन यांचा २००० सालचा हिशेब मी पुढे केला. त्यांच्या मते पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. या आकड्यावर नंतर बरेच वाद झाले, तेही सांगितलं. पण मला टक्केवारी नको होती, माणूस कुठे अडतो ते बघायचं होतं.

पद्धत साधी. समोर लॅपटॉप, हातात कामांचे कागद, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. माझ्या वाट्याला त्याहून अवघड काम होतं, तोंड मिटून बसायचं. काउंटरवर बसलेल्या माणसाला हे किती जड जातं, ते काउंटरवर बसलेल्यालाच विचारा.

एम.ए.च्या एका मुलाला वाचनयादीतला एक शोधनिबंध शोधायला दिला. त्यानं होमपेजवरच्या मोठ्या चौकटीत अख्खं शीर्षक टाइप केलं. ती चौकट फक्त कॅटलॉगमध्ये शोधते. कॅटलॉगमध्ये जर्नलची नोंद असते, त्यातल्या एकेका लेखाची नसते. आम्हाला हे पाठ आहे, पण त्याला ते का ठाऊक असावं? पडद्यावर आलं, ‘० नोंदी’. त्यानं उपशीर्षक काढलं, मग लेखकाचं आडनाव टाकून पाहिलं. पुन्हा शून्य.

“आपल्याकडे नाहीये, मॅडम,” असं म्हणून त्यानं शांतपणे पुढचा कागद उचलला.

त्या जर्नलची वर्गणी आम्ही नियमित भरतो. ‘लेख’ नावाचा टॅब त्याच चौकटीच्या डोक्यावर होता, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत. वेबसाइट सर्वांना वाचता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक लागतो. नंतर मोजला, तर आमचा त्याच्या जवळपासही नव्हता.

मग एक प्राध्यापक आले. घरी करतो तसंच करा म्हटल्यावर सरांनी स्वतःचा लॅपटॉप काढला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि आमच्या वेबसाइटकडे न फिरकता थेट सर्च इंजिनवरून प्रकाशकाच्या पानावर गेले. तिथे लेखाची किंमत लिहिलेली. “हे असं असतं बघा. मग मी लेखकालाच मेल टाकतो.” त्याही जर्नलचे पैसे आम्ही भरलेले! प्रकाशक आपल्याला ओळखतो तो विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. विद्यापीठाच्या नेटवर्कबाहेर असलं की आमच्या लिंकवरून, प्रॉक्सीत (आपली मागणी विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये) लॉगिन करून जावं लागतं. सर वाट चुकले असं मी म्हणणार नाही. आमची वाट त्यांच्या रस्त्यात लागतच नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. सर आमचे वाचक आहेत हे प्रकाशकाला कळलेलंच नसतं, त्यामुळे त्यांची ही फेरी वापराच्या आकडेवारीत कुठेच उमटत नाही. वर्गणी नूतनीकरणाच्या वेळी मात्र तीच आकडेवारी टेबलावर येते. वापर कमी दिसतो, आणि कात्री लागते ती नेमकी अशा जर्नलला.

त्यानंतरच्या दोघांनी मला फारसं नवं काही दाखवलं नाही. त्यांच्याबद्दल एवढंच.

शेवटची होती एक दृष्टिहीन संशोधक, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारी. पान उघडताच तिनं ‘एच’ दाबलं. त्यानं एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आमच्या पानावर शीर्षकं होती, पण ती नुसती जाड केलेली अक्षरं, शीर्षक म्हणून खूण कुठेच नाही. उडी मारायला जागाच नव्हती. मग तिनं लिंकची यादी उघडली. स्क्रीन रीडर वाचू लागला, ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’. ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. पुढे एक जुना प्रबंध तिनं उघडला आणि थांबली. “मॅडम, कोरी फाइल दिलीत.” फाइल कोरी नव्हती, स्कॅन केलेली पानं होती. पण ती नुसती चित्रं. तिच्या यंत्राला त्यात एकही अक्षर नव्हतं.

पाचांपैकी एकानंही तक्रार केली नाही, याचाच मला जास्त राग आला. नाही म्हणजे नाही, असं धरून प्रत्येकानं आपली आडवाट केव्हाच शोधून ठेवली होती.

समितीत अर्धा वेळ होमपेजवरच्या सरकत्या फोटोंवर गेला, तो जाणारच होता. तरी ‘० नोंदी’च्या पानावर आता एक ठळक बटण आहे, टाइप केलेले शब्द तसेच उचलून लेखांच्या शोधात नेणारं. प्राध्यापकांच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा बुकमार्क आम्ही विभागाविभागांत जाऊन बसवून देतो. प्रबंधांचं ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रांतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, सुरू आहे. छापील पानं बरी निघतात, पण टाइपरायटरवरच्या फिकट कार्बन प्रतींतून भलतंच काहीतरी बाहेर येतं. ती पानं एकेक करून हातानं तपासावी लागताहेत.