उत्तर नको, फोड सांग

इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडे सोडवणे हा आपल्या शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग कधीच नव्हता, आणि बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते झेपेल असे त्या काळी कोणाला वाटलेही नसते. तरीही १९७० च्या दशकाच्या अखेरीस आमच्या इंग्रजीच्या सरांनी ऑफ तासाला हे खूळ वर्गात आणले आणि आमच्यापैकी काहीजण त्यापायी कायमचे नादावले. अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शिस्तीबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल आणि निकालांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला या खुळाबद्दलच लिहायचे आहे.

साध्या शब्दकोड्यात प्रश्न सरळ असतो. 'सूर्य' असे विचारले की 'रवी' लिहायचे आणि आडव्या-उभ्याचा मेळ बसला की पुढे जायचे. क्रिप्टिक क्लू मात्र दिसायला एक साधे, निरुपद्रवी वाक्य असते. त्याचा वरवरचा अर्थ ही निव्वळ हूल असते. वाक्याच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराची खरी व्याख्या दडवलेली असते, आणि उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळवायची याची कृती सांगितलेली असते. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या या दोन वाटा कोठे वेगळ्या होतात, हे रचणाऱ्याने मुद्दाम झाकलेले असते. सर फळ्यावर क्लू लिहीत, खडू पुढे करीत आणि म्हणत, "रेघ मार." व्याख्या आणि कृती यांच्यामध्ये उभी रेघ नेमकी कोठे पडते हे ज्याला दाखवता येई, त्याचे अर्धे काम झालेले असे.

उरलेले अर्धे मात्र अधिक कठीण होते. 'सेलर टू ऑब्टेन गोल' या क्लूचे उत्तर 'टार्गेट' आहे हे वर्गातल्या एका मुलाने चटकन ओळखले, कारण 'गोल' म्हणजे उद्दिष्ट हे त्याला दिसले होते आणि अक्षरांची संख्याही जुळत होती. सरांनी त्याला शाबासकी दिली नाही. "उत्तर नको, फोड सांग," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. खलाशाला इंग्रजीत 'टार' असा जुना शब्द आहे, मिळवणे म्हणजे 'गेट', आणि दोन्ही जोडले की 'टार्गेट', एवढे सांगितल्यावरही सरांनी मधल्या 'टू'भोवती खडूने गोल काढला आणि विचारले, "हा पाहुणा कोणाकडचा?" तो 'ऑब्टेन'बरोबर आलेला आहे, क्रियापदाचाच भाग आहे, हे सिद्ध झाल्यावरच तो गोल पुसला गेला. ज्या शब्दाचा जाब देता येत नाही असा एकही शब्द फळ्यावर उरता कामा नये, मग तो एवढासा 'टू' का असेना.

या प्रकारासाठी लागणारा सगळा जामानिमा सरांनी आम्हाला थोडा थोडा पुरवला. 'फ्लॉवर' दिसले की फूल समजायचे नाही. जी 'फ्लो' करते तीही 'फ्लॉवर', म्हणजे ते नदीचे नाव असू शकते. 'डक' दिसले की बदक विसरायचे आणि 'ओ' हे अक्षर लिहायचे, कारण शून्यावर बाद होणाऱ्या फलंदाजाला 'डक' मिळतो. मोतीबाग मैदानावर सामने पाहत वाढलेल्या मुलांना हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. साधुपुरुष म्हणजे 'सेंट', आणि त्याचे संक्षिप्त रूप 'एस टी', हे तर स्टँडवरच्या लाल डब्यामुळे जन्मभरासाठी पाठ झाले. सरांचे क्लू कोठून येत असत हे आम्हाला पुढे कळले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून ते इंग्रजी वर्तमानपत्रांतली कोडी पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूंवर उतरवून घेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ज्या ग्रंथालय चळवळीची घडी बसवली, तिचा असाही उपयोग होईल हे त्या दोघांच्याही ध्यानीमनी नसणार.

सरांची शिस्त ही त्यांच्या घरची नव्हती, तिला मोठी परंपरा होती. शब्दकोडे अमेरिकेत जन्मले. आर्थर विन यांनी ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापले. त्याला कूटाचे वळण दिले ते इंग्रजांनी. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात १९२६ पासून 'टॉर्केमादा' या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी रचू लागले. टॉर्केमादा हा स्पेनमधला धर्मन्यायाधीश, लोकांचा छळ करण्यात नावाजलेला. तेव्हा कोडे रचणाऱ्याने स्वतःविषयी आधीच सर्व काही सांगून टाकले होते. १९३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर गादीवर आलेले डेरिक मॅकनट यांनीही 'झिमेनेस' हे तसल्याच न्यायाधीशाचे नाव घेतले, आणि त्यांच्या मागून १९७२ मध्ये आलेल्याने 'देझा' या तिसऱ्या न्यायाधीशाचे नाव रोमन लिपीत उलटे लिहून 'अझेड' केले. छळाची ही वंशावळ सर मोठ्या चवीने सांगत. त्यात मला आज महत्त्वाचे वाटते ते हे की, या खेळाला नियमांची चौकट देणारे लोक बहुतांशी शाळामास्तर होते. मॅकनट अभिजात भाषा शिकवीत; 'अफ्रीट' या नावाने लिहिणारे रिची हे तर मुख्याध्यापक होते. रचणाऱ्याने जे म्हटले तेच त्याच्या मनात असले पाहिजे असे नाही, पण जे मनात आहे ते त्याने म्हटलेच पाहिजे, हा दंडक रिची यांनी १९४९ मध्ये घालून दिला. पुढे अझेडने सगळी शिस्त तीन कलमांत मांडली: नेमकी व्याख्या, न्याय्य कृती, आणि याखेरीज काहीही नाही. सरांचा पाहुण्याचा नियम म्हणजे यातले तिसरे कलम.

या शिस्तीत न बसणारे क्लूही सर कधी कधी सांगत, पण ते सणासुदीला. 'जी ई जी एस' अशी चार अक्षरे, उत्तर नऊ आणि चार अक्षरांचे: 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', कारण 'एग्ज'ची अक्षरे विस्कटलेली आहेत. किंवा 'एच'पासून 'ओ'पर्यंतची आठ अक्षरे ओळीने लिहिलेली, उत्तर 'वॉटर', कारण 'एच टू ओ'. वर्ग खूश होई, पण यात व्याख्या कोठे आहे, हा प्रश्न सर स्वतःच विचारीत आणि दोन्ही क्लू पुसून टाकीत. मला हे पुसणे त्या वेळी अरसिकपणाचे वाटे. आता वाटत नाही.

शेजारच्या वर्गावर संस्कृत आणि मराठी शिकवणाऱ्या बाई आमचा गोंधळ ऐकून एकदा आत आल्या, थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात विलायती काय आहे?" मग त्यांनी खडू घेऊन लिहिले: 'कं संजघान कृष्णः? का शीतलवाहिनी गंगा? के दारपोषणरताः? कं बलवन्तं न बाधते शीतम्?' कृष्णाने कोणाला मारले, शीतल वाहणारी गंगा कोणती, बायकोच्या पोषणात कोण गुंतलेले असतात, कोणत्या बलवंताला थंडी बाधत नाही, असे चार प्रश्न. बाईंनी उत्तरासाठी एकही नवे अक्षर लिहिले नाही. शब्दांमधली फक्त जागा सरकवली. कंसं जघान कृष्णः: कंसाला. काशीतलवाहिनी गंगा: काशीच्या भूमीवरून वाहणारी. केदारपोषणरताः: शेतांची निगा राखणारे. कंबलवन्तम्: ज्याच्यापाशी कांबळे आहे त्याला. प्रश्नाच्या अक्षरांतच उत्तर असलेल्या या प्रकाराला अंतर्लापिका म्हणतात, हे त्या दिवशी कळले. सर रेघ मारायला पुढे झाले आणि थांबले, कारण रेघ मारायला जागाच नव्हती. संपूर्ण वाक्य प्रश्नही होते आणि उत्तरही. इंग्रजी रचनाकार ज्या मोजक्या क्लूंना सर्वश्रेष्ठ मानतात, त्यांत सगळे वाक्य हीच व्याख्या आणि तीच कृती असते. बाईंनी अशी चार एकदम फळ्यावर ठेवली होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः' हा श्लोक आणला. केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि सगळे कौरव रडू लागले, असा त्याचा वरवरचा, महाभारताशी उघड उघड विसंगत अर्थ. 'के' म्हणजे पाण्यात, 'शवं' म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे, असे कळले की चित्र पालटते: प्रेत पाण्यात पडले, कावळ्याचे फावले आणि कोल्ह्यांची मेजवानी हुकली. 'फ्लॉवर' म्हणजे नदी ही चलाखी याहून वेगळी नाही. मात्र या श्लोकात शोधायचा असा एखादा शब्द नाही, फक्त चकवा आहे. म्हणून कूट या दृष्टीने मला पहिला श्लोक सरस वाटतो. सर आणि बाई यांचे यावर एकमत झाले नाही आणि तास संपला.

त्यानंतर वर्गाने मराठीत क्लू रचायला घेतले, आणि येथे लिपीने आपला हिसका दाखवला. इंग्रजी क्लूंचा मोठा भाग अक्षरांच्या अदलाबदलीवर उभा असतो. 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची रोमन अक्षरे तीच असतात, पण कानाला त्याचा पत्ता लागत नाही. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या शब्दाच्या ५०४० मांडण्या होतात, तेव्हा लपायला भरपूर रान असते. देवनागरीत एका चौकोनात कानामात्रेसह अख्खे अक्षर बसते, जोडाक्षरही एकच धरायचे असते. 'विश्वामित्री' एवढी मोठी नदी चार चौकोनांत मावते. तीन अक्षरांच्या शब्दाच्या मांडण्या सहाच, त्यामुळे अदलाबदल केली तरी शेंबड्या पोरालाही उत्तर दिसते. म्हणून आम्ही दुसऱ्या युक्त्यांकडे वळलो: उलटवणे, लपवणे, जोडणे आणि दुहेरी अर्थ.

त्यातले काही क्लू वहीत उतरवून ठेवले होते म्हणून येथे देता येतात; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. 'हजेरीत पुकारतात, नदीत सोडतात (२)': नाव. 'उलटे सर म्हणजे गोडी (२)': रस, हा सरांसमोर वाचायला कोणी धजेना, शेवटी त्यांनीच वाचला. 'चित्त आणि नारळाचे झाड जोडा, गाडी बदला (४)': मन आणि माड, मिळून मनमाड. 'आजोबा गडबडीत लपवतात ती फुलांची जागा (२)': 'आजोबा गडबडीत' ही अक्षरे सलग वाचली की मध्ये 'बाग' सापडते. सर्वांत नामी क्लू मागच्या बाकावरच्या एका मुलाचा होता: 'मामा कडक, पण पोटात उड्या मारणारे (३)'. 'मामा कडक' यातले पहिले आणि शेवटचे अक्षर सोडले तर पोटात उरते ते 'माकड'. येथे एकही पाहुणा नाही, आणि वाक्यही घरात कोणीही सहज बोलेल असे आहे. हे दोन्ही एकत्र साधणे किती अवघड असते, हे क्लू रचून पाहिल्याशिवाय समजत नाही.

वादही भरपूर झाले. 'नदी उलटली की उजाडते' असा क्लू एकाने आणला. 'नदी' उलटवून 'दीन' होतो, दिवस या अर्थाचा 'दिन' ऱ्हस्व आहे, म्हणून बाईंनी तो बाद केला आणि 'नदी उलटली, गरीब झाली' असे काहीतरी करून आण म्हणून परत पाठवला. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सवलत नाही, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. याहून गाजला तो 'गुजरातीतले दोन, पुढे मोटार, तरी कामधंदा नाही (३)'. 'बे' आणि 'कार', मिळून 'बेकार'. इंग्रजी कोड्यांत फ्रेंच शब्द सर्रास चालतात, मग बडोद्यात गुजराती का चालू नये, असा रचणाऱ्याचा युक्तिवाद होता आणि तो सरांनी मान्य केला. बाईंची हरकत निराळी होती: बे एके बे हा पाढा म्हणणाऱ्यांनी दोनासाठी गुजरातीकडे कशाला जायचे? 'गुजरातीतले' हा शब्दच त्यांच्या मते पाहुणा होता. मला आजही बाईंचे म्हणणे बरोबर वाटते, आणि तरीही तो शब्द काढावासा वाटत नाही.

सर आम्हाला कधी कधी नुसते रिकामे चौकोन देऊन त्यांत शब्द भरून आणायला सांगत आणि त्या शब्दांवर स्वतः क्लू रचत. याचा पूर्वज कोण हे मला शाळा सोडल्यावर वाचायला मिळाले. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'चे कोडे रचणारे लेनर्ड डॉ हेही मुख्याध्यापकच. मे १९४४ मध्ये आणि जूनच्या पहिल्या तारखेला त्यांच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून हे शब्द एकामागून एक आले. हे सगळे फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या, दोस्त सैन्याच्या येऊ घातलेल्या चढाईतले गुप्त सांकेतिक शब्द होते. हेरखात्याची माणसे डॉ यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काही निष्पन्न झाले नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, मास्तर चौकोन भरायचे काम मुलांना देत असत आणि शाळेजवळच्या छावणीत सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्याने त्यांत भरले होते. खरेखोटे तोच जाणे. मांडवीत ऐकलेले कोणते शब्द आम्ही सरांच्या चौकोनांत भरले, याची चौकशी मात्र कोणी केली नाही, ते बरेच झाले.

मी पुढे वकील झालो. करारपत्रातला प्रत्येक शब्द कशासाठी आला आहे हे विचारण्याची सवय मला विधी महाविद्यालयाने लावली असे माझे सहकारी समजतात. सकाळी चहाबरोबर 'द हिंदू'चे कोडे असते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्या कोड्याचे पहिले भारतीय रचनाकार ॲडमिरल रामदास कटारी, म्हणजे आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख, हे सरांना ठाऊक असते तर खलाशाचा क्लू त्यांनी आणखी रंगवला असता. मराठी वर्तमानपत्रांत मात्र अजूनही 'सूर्य' म्हणजे 'रवी' हेच चालू आहे. त्याचे एक कारण मला दिसते ते असे की, आडवा आणि उभा शब्द जेथे छेदतात तेथे आपल्याकडे नुसते व्यंजन जुळून भागत नाही, कानामात्राही जुळावी लागते. त्यामुळे दाट विणीचे चौकोन भरणे फार कष्टाचे होते, आणि एवढे कष्ट केल्यावर क्लूही कूट रचायचे त्राण कोणाला उरत नसावे.

सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला हे कष्ट घ्यावेसे वाटले तर एक क्लू येथे देऊन ठेवतो: 'नेहमी उलटा वागणारा नोकर (२)'. शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावे लिहून पाठवावे; रेघ कोठे पडते ते दाखवलेले असावे.