तेहतिशीचा रिसीव्हर आणि न ठरलेला पीपीआर

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे. त्यातल्या ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, शेवटच्या राउंडांमध्ये वय झालेला रिसीव्हर (पास झेलणारा) घ्यावा की नाही, हे ठरवायला फार वेळ लागत नाही. माझा सगळा वेळ खाल्ला तो आमच्या कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने.

२०२३चा सीझन. रिसीव्हर ॲडम थीलन मिनेसोटा सोडून कॅरोलिना पँथर्समध्ये आलेला, ऑगस्टमध्ये तेहतीस पूर्ण. शार्लटमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या लीगमध्ये ‘संपला रे तो’ म्हणून सगळे मोकळे. मी वय सोडून दिलं आणि पास कुणाकडे जाणार ते बघितलं. पँथर्सचा रिसीव्हर डीजे मूर शिकागोला गेलेला, म्हणजे त्याच्या वाट्याचे टार्गेट (त्याच्याकडे फेकले जाणारे पास) मोकळे. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ब्राइस यंग, पहिलंच वर्ष. नवखा पोरगा दबावाखाली आला की जवळच्या, भरवशाच्या माणसाकडेच फेकणार. शिवाय पँथर्सनी तीन वर्षांचा करार केला, तो काही बाकावर बसवायला नव्हे.

आता अडलं ते इथे : पीपीआर, म्हणजे झेललेल्या प्रत्येक पासला (कॅचला) वेगळा गुण द्यायचा की नाही, आणि किती. थीलनचे २०२२चे आकडे : ७० कॅच, ७१६ यार्ड, ६ टचडाउन. कॅचला गुण नसेल तर १०७.६, अर्धा असेल तर १४२.६, पूर्ण असेल तर १७७.६. माणूस तोच, पण पहिल्या हिशेबात हात लावू नये आणि तिसऱ्यात डोळे मिटून घ्यावा! ॲपवर दिसत होतं अर्धा. आधीच्या वर्षी पूर्ण होता. कमिशनरला ग्रुपवर विचारलं, तर अंगठा. अरे, अंगठा म्हणजे अर्धा की पूर्ण? फोन केला तर, “बघू रे, ड्राफ्टच्या आधी सगळे मिळून ठरवू.” सगळे कधी मिळाले आहेत? एकाला तर पीपीआर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि त्याचंही मत घ्यायचं होतं. माझ्या दोन याद्या तयार, एकीत थीलन वर, दुसरीत जवळजवळ नाहीच. शेवटी ड्राफ्टची खोली उघडल्यावर, लोक चहा ओतून बसल्यावर, साहेबांनी सेटिंग बदललं : पूर्ण गुण. तुमच्याकडेही असा कमिशनर असेल तर लेखी घ्या, स्क्रीनशॉटसकट.

बाराव्या राउंडला घेतला. पहिल्या आठवड्यात २ कॅच, १२ यार्ड. ग्रुपवर माझी यथेच्छ टिंगल झाली. तिसऱ्या आठवड्यात सिएटलविरुद्ध ११ कॅच, १४५ यार्ड, तेव्हा सगळे गप्प. वर्षाअखेर १०३ कॅच, १०१४ यार्ड. टचडाउन मात्र चारच, तेही सगळे सहाव्या आठवड्यापर्यंतचे.

म्हणूनच असा खेळाडू भरात असतानाच ट्रेड करावा, म्हणजे लीगमधल्या दुसऱ्या कुणाशी अदलाबदल करावी. मी सातव्या आठवड्यात, त्याच्या बाय वीकलाच (संघाच्या सुट्टीच्या आठवड्यात), थीलन देऊन एक धडधाकट रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेतला. संघ सतत हरतोय म्हणून घाबरू नका. पँथर्स २-१५ होते, पण मागे पडलेला संघ पास जास्त टाकतो.

हो, आणि किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) या असल्या माणसाच्या आधी घेऊ नका. आमच्याकडे एकाने नवव्या राउंडला घेतला होता.